रात्री साडेनऊचं इन्सुलिन: १० युनिटपासून २६ युनिटपर्यंत

मी इन्सुलिन सुरू केलं मार्च २०२५ मध्ये. आता ऑक्टोबर चालू आहे, नवरात्र पार पडलं, सप्टेंबरचा रिपोर्ट हातात आहे, म्हणून म्हटलं आता लिहून काढावं. सुरू करायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं, कोणी साध्या पेशंटने सगळं क्रमाने लिहिलंय का, कुठे जावं लागतं, पैसे किती लागतात, पहिल्या महिन्यात काय काय होतं. सापडलं ते एक तर घाबरवणारं नाहीतर काढे विकणारं. ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच "आता इन्सुलिन" असं सांगितलंय आणि ज्यांची त्यामुळे झोप उडालीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातले आकडे माझे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

माझं वय ४७, वजन ७२ किलो, घर नाशिकला सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ, नोकरी अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी डिपार्टमेंटला, तिन्ही शिफ्ट फिरत्या. टाइप २ डायबिटीस निघाला २०१४ मध्ये. आधी नुसती मेटफॉर्मिन, मग त्यात ग्लिमेपिराइड आली, मग सिटाग्लिप्टिन. गोळ्या मी कधी चुकवल्या नाहीत, आणि हे मुद्दाम सांगतोय कारण इन्सुलिनचं नाव निघालं की नातेवाईक पहिलं हेच म्हणतात की पथ्य पाळलं नसेल.

जानेवारीत कंपनीचं वार्षिक मेडिकल झालं. फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची साखर २१४, जेवणानंतर दोन तासांनी ३०२, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ९.८. आदल्या वर्षी तो ८.४ होता. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "गोळ्या वाढवायला आता जागा राहिली नाही, एकदा एंडोक्रायनॉलॉजिस्टला, म्हणजे डायबिटीस-हार्मोनच्या स्पेशालिस्टला, दाखवून या." गंगापूर रोडला एक क्लिनिक सांगितलं. फोन केला तर जवळपास दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली, ते दोन आठवडे मात्र वाईट गेले.

वाईट जायचं कारण आमचे मोठे काका. निफाडला असायचे. त्यांना इन्सुलिन सुरू झालं, त्यानंतर पाय काढावा लागला आणि पुढच्या दीड वर्षात गेले. आमच्या घरात इन्सुलिन म्हणजे हेच, सुई लागली की माणूस संपला. आईला तर मी सांगितलंच नव्हतं. बायको एवढंच म्हणाली, "अहो, आधी डॉक्टर काय म्हणतात ते तर ऐकून घेऊ."

२० फेब्रुवारीला गेलो. फी ८००, नंबर यायला दोन तास. (टिप: जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावून न्या आणि सध्याच्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा, नुसतं "पांढरी गोळी सकाळी" सांगून चालत नाही.) मी बसल्या बसल्या काकांचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "काकांचं इन्सुलिन कधी सुरू झालं?" मी म्हटलं, पायाची जखम चिघळली, ॲडमिट केलं तेव्हा. "आणि त्याच्या आधी किती वर्षं त्यांची साखर वाढलेली होती?" ते काही मला सांगता आलं नाही, पण काकांच्या घरी ग्लुकोमीटर कधीच नव्हता हे आठवलं.

मग त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक कमी होत जातात. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा फार मोठा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की डायबिटीस निघतो तेव्हाच साधारण निम्मी ताकद गेलेली असते आणि नंतर ती घसरतच राहते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी त्या पेशींना इन्सुलिन सोडायला लावते, पण पेशीच कमी उरल्या तर गोळी काय करणार. यात तुम्ही काय खाल्लं न खाल्लं याचा वाटा आहे पण सगळा नाही. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं, दोन आठवडे मी स्वतःलाच दोष देत बसलो होतो.

मला त्यांनी दिवसातून एकदा घ्यायचं लाँग ॲक्टिंग इन्सुलिन सांगितलं, ग्लार्जिन. जुनं इन्सुलिन जेवणाच्या वेळा धरून दोनदा-तीनदा घ्यावं लागतं, हे तसं नाही. बाटलीत हे ॲसिडिक असतं, त्वचेखाली गेलं की शरीराचा पीएच वेगळा असल्यामुळे त्याचे अगदी बारीक कण तयार होतात आणि त्यातून साधारण २४ तास थोडं थोडं रक्तात येत राहतं. म्हणूनच दुसऱ्या कुठल्या इन्सुलिनमध्ये मिसळून टोचायचं नाही. माझ्या चुलतभावाची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, त्याला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "म्हणजे ठिबक, पाट नाही." बरोबर आहे. जेवणानंतर एकदम चढणारी साखर यातून धरली जात नाही, त्याचं मुख्य काम रात्रभर आणि दोन जेवणांच्या मध्ये. नवीन म्हणावं असंही औषध नाही, अमेरिकेत आणि युरोपात २००० साली मंजूर झालेलं आहे.

ग्लार्जिनने कॅन्सर होतो असं मी कुठेतरी वाचलं होतं, तेही विचारून टाकलं. अशी शंका २००९ च्या सुमारास काही अभ्यासांमधून आली होती असं त्यांनी सरळ सांगितलं, आणि मग २०१२ मध्ये ओरिजिन नावाच्या चाचणीचा निकाल आला, साडेबारा हजारांवर लोक, सहा वर्षांच्या वर पाठपुरावा, त्यात ग्लार्जिन घेणाऱ्यांमध्ये ना कॅन्सर जास्त दिसला ना हार्ट ॲटॅक. वजन मात्र थोडं वाढतं आणि शुगर लो व्हायची शक्यता असते, हेही त्यांनीच सांगितलं. तुमच्या मनात अशी कुठली वाचलेली गोष्ट असेल तर ती तिथेच विचारा, घरी घेऊन येऊ नका.

सुरू करायच्या आधी तपासण्या. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन, शिवाय डोळ्याचा पडदा. डोळ्याचं कारण मला माहीत नव्हतं. बरीच वर्षं वाढलेली साखर एकदम खाली आली तर पडद्याला आधीच असलेला त्रास काही काळ वाढू शकतो, म्हणून आधी बघून घेतात. थेंब टाकल्यावर तीन-चार तास सगळं धूसर दिसतं, त्यामुळे एकट्याने टू-व्हीलरवर जाऊ नका. मला मुलगी घेऊन आली. लॅबचे १,१०० झाले, डोळ्याचे ५००. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ॲडमिट झालं तरच पैसे, ओपीडीचा एक रुपया नाही, म्हणजे इथून पुढचं सगळं खिशातून.

१ मार्च, शनिवार. क्लिनिकमधल्या डायबिटीस एज्युकेटर मॅडमनी अर्धा तास बसवून इन्सुलिन टोचायचं पेन शिकवलं. हा अर्धा तास फार महत्त्वाचा, तुमच्या डॉक्टरांकडे अशी सोय नसेल तर सिस्टरना सांगा की पहिलं इंजेक्शन तुमच्यासमोर घेतो. मी रियुजेबल पेन घेतलं, त्यात ३ मिलीचं कार्ट्रिज बसतं, म्हणजे ३०० युनिट. सुई ४ मिलीमीटरची. मी मनात सलाईनची सुई धरून बसलो होतो आणि हातात आली ती केसाएवढी. दर वेळी आधी २ युनिट फिरवून सुई वर धरून दाबायचं, टोकाला थेंब दिसला पाहिजे, नाहीतर आत हवा आहे. मग डोस फिरवायचा, पोटावर बेंबीपासून दोन-तीन बोटं लांब, सरळ ९० अंशात टोचायचं, बटण शेवटपर्यंत दाबायचं आणि दहापर्यंत सावकाश मोजून मगच सुई काढायची. लगेच काढली तर औषध बाहेर ठिबकतं. चोळायचं नाही. रोज जागा बदलायची, एकाच जागी टोचत राहिलं की तिथे गाठ होते आणि मग तिथून औषध नीट शोषलं जात नाही. मी पोटाचे चार भाग धरलेत, आठवड्याला एक, आणि त्या भागातही रोज बोटभर सरकतो. टोचून झालं की सुई लगेच काढून टाकायची, पेनवर तशीच ठेवली तर आत हवा जाते.

औषध घ्यायला सिडकोतल्याच एका मेडिकलमध्ये गेलो. चिठ्ठीशिवाय देत नाहीत आणि देऊही नये, त्यामुळे चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. कार्ट्रिज साडेपाचशे-सहाशेच्या दरम्यान, सुया साधारण १० रुपयाला एक, घरी साखर तपासायच्या मीटरची स्ट्रिप १८-२० रुपयाला एक. ग्लार्जिन २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आलंय, म्हणजे किमतीवर सरकारी मर्यादा आहे. तरीपण वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत फरक पडतो. डॉक्टरांना सरळ विचारा की यातलं स्वस्त कुठलं चालेल, पण ठरल्यावर मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून परस्पर ब्रँड बदलू नका.

आणि इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण यात जिवाला धोका आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बरंचसं ४० आययू (म्हणजेच युनिट) प्रति मिली असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं १०० आययू प्रति मिली, त्या ताकदीच्या सिरिंजला केशरी टोपण. कोणी पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने "१० च्या रेघेपर्यंत" ओढलं तर ते १० नाही, २५ युनिट होतात. अडीचपट. आमच्या शेजारच्या आजी बाटलीवाल्या, त्यांची सिरिंज आणि माझं कार्ट्रिज हे कधीही एकत्र येऊ नये म्हणून मी घरात सगळ्यांना टोपणं दाखवून ठेवलीत. पेन बिघडलं तर दुसरं पेन आणा, कार्ट्रिजमधून ओढू नका.

आता वेळ. हे इन्सुलिन रोज त्याच वेळेला घ्यायचं, जेवणाशी संबंध नाही, घड्याळाशी आहे. मी म्हटलं डॉक्टर, माझी तर दर आठवड्याला शिफ्ट बदलते. त्यांनी माझ्या तिन्ही शिफ्टच्या वेळा लिहून घेतल्या आणि आम्ही दोघांनी मिळून रात्री साडेनऊ काढले. फर्स्टला मी तेव्हा घरी, नाईटला निघायच्या आधी घरी, फक्त सेकंडला कंपनीत, आणि तेव्हा नेमकी जेवणाची सुट्टी असते. शिफ्टवाल्यांनी हे असं कागदावर मांडूनच वेळ ठरवावी.

पहिल्या रात्री डोस १० युनिट. ग्लिमेपिराइड निम्मी केली कारण दोन्ही मिळून लो व्हायची भीती, मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन तशाच. बायको म्हणाली, "अहो, मी टोचू का?" मी म्हटलं नको, मलाच रोज करायचंय. मुलगी बाजूला बसून दहापर्यंत आकडे मोजत होती. दुखलं नाही. खरं सांगायचं तर बोट टोचून स्ट्रिपवर रक्त घेताना जास्त दुखतं. कार्ट्रिज फ्रिजमधून काढून लगेच टोचलं तर थोडं चुणचुणतं एवढंच, म्हणून चालू पेन बाहेरच ठेवायचं.

सकाळी उठून फास्टिंग बघितली: २०६. दुसऱ्या दिवशी २११. तिसऱ्या दिवशी १९८.

मला हा सगळा अनुभव लिहावासा वाटला तो मुख्यतः या आकड्यांमुळे. इतकी भीती बाळगून, इतके पैसे घालून, पोटात सुई घेऊन साखर आहे तिथेच. मला अगदी मनापासून वाटलं की आपल्याला इन्सुलिनही लागू पडत नाही, आता पुढे काय. कंपनीतल्या एका मित्राच्या वहिनींनी नेमकं याच टप्प्यावर सोडून दिलं होतं, तीन आठवडे १० युनिट घेऊन, "काही फरक नाही" म्हणून. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की १० हा सुरुवातीचा डोस आहे, उपचाराचा नाही. तो मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे कोणालाच एकदम लो होऊ नये, आणि मग सकाळचे आकडे बघत बघत वाढवत नेतात. २००३ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास झाला होता, त्यातही सगळ्यांना रात्री १० युनिटवर सुरू केलं होतं आणि शेवटी सरासरी डोस ४० च्या पुढे गेला होता. हे मला डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला, पण १ मार्चलाच कोणी चार वाक्यांत सांगितलं असतं तर ते तीन दिवस तसे गेले नसते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारून घ्या: डोस कोण वाढवणार, किती दिवसांनी, कितीने, आणि आकडे कुठे कळवायचे. माझं ठरलं ते असं की सलग तीन दिवस फास्टिंग १३० च्या वर आली तर २ युनिट वाढवायचे, एकदाही ७० च्या खाली गेली तर वाढवणं बंद करून लगेच फोन, आणि दर रविवारी वहीचा फोटो मॅडमना व्हॉट्सॲपवर.

मग सुरू झाली वही. १२ युनिटला फास्टिंग १८९, १४ ला १७७, १६ ला १७१. मध्येच नाईटचा आठवडा आला की गाडी थांबायची, कारण नाईटला रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये खाणं होतं, मग सकाळी घरी येऊन जी बघायची ती फास्टिंग कसली. डॉक्टर म्हणाले नाईटच्या आठवड्यात डोसला हात लावायचा नाही, तोच चालू ठेवायचा. त्यामुळे जे कागदावर महिन्याभराचं काम दिसत होतं त्याला जास्त वेळ लागला. त्यात सगळा मार्च म्हणजे द्राक्षाचा हंगाम, पिंपळगावहून पेट्या येतात, घरात घमघमाट. डॉक्टरांनी द्राक्षं पूर्ण बंद नाही केली, जेवणावर खायची नाहीत, मधल्या वेळेला दहा-बारा मणी, एवढंच. १८ युनिटवर आकडा १५५ च्या आसपास अडकला तेव्हा त्यांनी एका रात्री तीन वाजता उठून साखर बघायला लावली, म्हणजे रात्री मध्येच लो होऊन सकाळी वर येतेय का ते कळावं. १४२ आली, म्हणजे तसं काही नव्हतं, म्हणून वाढवायला परवानगी. तीन वाजता गजर लावून उठायचा कंटाळा करू नका, त्या एका आकड्यावर पुढचा निर्णय असतो.

गेटचा विषय. मार्चमध्येच पहिली सेकंड शिफ्ट आली आणि बॅगेत पेन आणि सुया घेऊन गेलो तर सिक्युरिटीने अडवलं, सुया आत नेता येत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना काय माहीत. त्या दिवशी सुपरवायझरने सांगून सोडलं, पण उद्यापासून पत्र पाहिजे. पत्र देणार कंपनीचं ओएचसी, म्हणजे आतला दवाखाना. ओएचसीला हवं माझ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट. ते आणलं तर त्यात "कामासाठी फिट" हा शब्द नाही म्हणून परत. दुसऱ्यांदा आणलं तर तिथल्या डॉक्टरांना स्वतः तपासायचं होतं, नजर, बीपी, पायाची संवेदना, आणि ते आठवड्यातून दोनच दिवस येतात. मग एचआरची सही, मग सिक्युरिटी इनचार्जचा शिक्का. जवळपास तीन आठवडे गेले त्यात, तोपर्यंत एका सहकाऱ्याने माझ्याशी सेकंड बदलून घेतली, त्याचे उपकार आहेत. तुम्ही कारखान्यात असाल तर हे आधीच करून ठेवा: सर्टिफिकेट लेटरहेडवर, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का, त्यात आजाराचं नाव, औषधाचं नाव, रोजची वेळ, "पेन आणि सुया सोबत बाळगणे आवश्यक" असं वाक्य, आणि कामासाठी फिट. दोन झेरॉक्स, एक गेटवर, एक बॅगेत. काही लोकांना वाटतं कंपनीला कळू देऊ नये. मला सुरुवातीला तसंच वाटत होतं, पण मशीनजवळ काम करताना शुगर लो झाली तर बाजूच्या माणसाला माहीत असलं पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं. आता माझ्या लाईनवरच्या दोघांना माहितीय की ग्लुकोजची पुडी माझ्या कोणत्या खिशात असते. आणि एक फायदा झाला, ओएचसीत सुया टाकायचा पांढरा न फुटणारा डबा असतो, तिथे घरच्या सुयाही न्यायला सिस्टरनी हो म्हटलं.

एप्रिलमध्ये चैत्राच्या यात्रेला सप्तशृंगी गडावर गेलो. डोस तेव्हा २४ होता, फास्टिंग १३५-१४० वर आलेली. दिवसभर चालणं, पायऱ्या, ऊन. घरी आलो, जेवलो, साडेनऊला इन्सुलिन घेतलं आणि झोपलो. रात्री अडीचला जाग आली ती घामाने, बनियन ओलं, हात थरथरत होते, छाती धडधडत होती, आणि डोकं असं की मीटर कुठे ठेवलाय ते आठवेना. बायकोने बघितली, ६१. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली. आई लाडू घेऊन उभी होती, पण लाडू, चॉकलेट असलं तुपाचं काही आधी द्यायचं नाही, तुपामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो, आधी साधी साखर नाहीतर ग्लुकोज. पंधरा मिनिटांनी परत बघितली, ८४. मग पोळी आणि दूध. सकाळी फोन केला. डॉक्टर म्हणाले जास्त श्रम झाले की त्याचा परिणाम त्याच दिवशी संपत नाही, स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात, अशा दिवशी झोपताना साखर बघायची, १०० च्या आसपास असेल तर थोडं खाऊन झोपायचं. उरलेली ग्लिमेपिराइडही त्यांनी तेव्हाच बंद केली. त्या रात्रीपासून उशाजवळ ग्लुकोजचा डबा, चमचा आणि मीटर असतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र साखरपाणी अजिबात घालायचं नाही, सरळ दवाखाना, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा. आईला माझ्या इन्सुलिनचं कळलं ते या रात्रीच. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून साडेनऊ वाजले की ती हाक मारते.

नंतर आठवडाभर डोस २२ वर आणला, मग हळूहळू परत वर, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात २६ वर फास्टिंग ११८ आली. दुसऱ्या दिवशी ११२. मी दोनदा तपासली. किती वर्षांनी असा आकडा बघत होतो ते सांगता येत नाही.

मेमध्ये नाशिकचं ऊन तुम्हाला माहितीच आहे. न उघडलेली कार्ट्रिज फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, दाराच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीझरजवळ नाही, एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. चालू पेन ३० अंशांच्या आत असेल तर २८ दिवस बाहेर चालतं. पण दुपारी सिडकोच्या पत्र्याच्या खोलीत ३० अंश कुठून आणणार, त्यात वीज गेली की फ्रिजही बंद. एज्युकेटर मॅडमनी मडक्याचा उपाय सांगितला: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात पेन प्लास्टिकच्या पिशवीत, वरून ओलं फडकं. पूर्ण उन्हाळा तसंच काढलं. गाडीच्या डिकीत पेन ठेवू नका, दहा मिनिटंसुद्धा नको. प्रवासात थर्मासमध्ये थंड पाणी फिरवून ओतून टाकायचं, कोरडा करून त्यात पेन ठेवायचं, बर्फाला मात्र टेकू द्यायचं नाही.

जूनमध्ये एचबीए१सी ८.१ आला. मला वाटलं होतं सातच्या घरात येईल, पण तो तीन महिन्यांची सरासरी धरतो आणि त्यातले पहिले दीड महिने तर आकडे वरच होते. वजन दोन किलोंनी वाढलं. शिवाय फास्टिंग ठीक असूनही दुपारच्या जेवणानंतर २१०-२२० येत होती. मी म्हटलं मग इन्सुलिन अजून वाढवू. डॉक्टर म्हणाले नाही, हे इन्सुलिन जेवणासाठी नाहीच, त्याने जेवणाची साखर धरायला गेलात तर पहाटे लो व्हाल, वजनाच्या किलोला अर्ध्या युनिटच्या पुढे डोस जायला लागला की थांबून दुसरा विचार करायचा असतो. मग दुपारचा भात काढला, कॅन्टीनमध्ये आधी सॅलड आणि उसळ, मग दोन चपात्या, आणि जेवणानंतर पंधरा मिनिटं शेडभोवती चालणं. रविवारी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर. आता दुपारची १७०-१८० असते. रविवारची मिसळ महिन्यातून एकदा ठेवलीय, पाव एकच.

सप्टेंबरचा रिपोर्ट ७.३.

महिन्याचा खर्च आता असा बसतो: २६ युनिट अधिक रोजचे २ युनिट हवा काढायला, म्हणजे एक कार्ट्रिज दहा-अकरा दिवस जातं, महिन्याला जवळपास तीन, ते १,७०० च्या घरात. सुया ३००, स्ट्रिप आता कमी लागतात, ४०० पर्यंत. मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिन मी जनऔषधी केंद्रातून घेतो, तिथे वाचलेले पैसे स्ट्रिपला जातात.

नवरात्राचे नऊ दिवस उपवास मी लहानपणापासून करतो, या वर्षी सोडावा लागेल असं धरून चाललो होतो. २२ सप्टेंबरला घट बसणार होते, त्याच्या दहा-बारा दिवस आधी डॉक्टरांना विचारलं. डोस वीस टक्क्यांनी कमी केला, म्हणजे २६ चा २१, कडकडीत नाही करायचा, दर चार तासांनी काहीतरी खायचं, साबुदाणा नाही, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ताक, आणि ७० च्या खाली गेली तर त्या क्षणी उपवास सोडायचा, हे मला देवीसमोर नाही पण बायकोसमोर कबूल करावं लागलं. तशी वेळ आली नाही. सातव्या माळेला सकाळी ८२ होती, म्हणून त्या रात्री फोन करून आणखी २ कमी केले. दसऱ्याला परत जेवण सुरू आणि दोन दिवसांत परत २६. हे माझ्यासाठी चाललं कारण ग्लिमेपिराइड आधीच बंद होती, तुमच्या गोळ्या वेगळ्या असतील तर आधी विचारल्याशिवाय उपवास धरू नका.

सुयांबद्दल राहिलंच. ओएचसी सगळ्यांकडे नसतं. घंटागाडीत सुया सुट्या टाकू नका, कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला लागतात. फिनेलची नाहीतर सॉफ्ट ड्रिंकची जाड बाटली घ्या, त्यात टाकत राहा, भरत आली की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मार्करने "सुया" लिहा आणि घरातला घातक कचरा म्हणून वेगळी द्या, किंवा तुमच्या दवाखान्यात विचारा, बरेच जण घेतात.

डिसेंबरमध्ये पुढची तपासणी आहे, तेव्हा डोळे परत बघायचेत आणि क्रिएटिनिनही. शिफ्टमध्ये काम करणारं कोणी हे वाचत असेल आणि इन्सुलिन घेत असेल तर तुम्ही कोणती वेळ धरलीय आणि नाईटच्या आठवड्यात साखर कधी बघता ते जरूर सांगा, मला नाईटचं गणित अजून नीट बसलेलं नाही.